आईची कवळी आणि पोस्टातले पाच लाख

गुहागरहून एका वाचकांनी विचारलंय: आईचं वय ७१, मधुमेह आहे. खालची कवळी बोलतानाही उचलते. भाकरी सुटली, आता मऊभातावर भागतं. चिपळूणच्या दंतवैद्यांनी दोन पर्याय दिलेत. साधी नवी कवळी ३० हजार, किंवा खाली दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात घट्ट बसणारे स्क्रू, बसवून त्यावर अडकणारी कवळी, १ लाख ४० हजार. पोस्टातलं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं ५ लाखांचं खातं मोडावं का?

खातं मोडू नका. त्यातून लागतील तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. तुमच्यासारखी दोन वर्षं उलटून गेली असली तरी मुद्दलातले १ टक्का, म्हणजे ५ हजार कापले जातात. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे १०,२५० रुपये ही आईंची स्वतःची मिळकत. औषधाला मुलाकडे मागावं लागत नाही, हे त्या वयात फार मोठं असतं.

पण म्हणून ३० हजारांत भागवा, असंही मी म्हणणार नाही. वरची कवळी टाळूला धरून राहते. खाली तसा आधारच नाही, त्यात जीभ सतत हलणारी. दात गेल्यावर हाड झिजत राहतं, आणि खालच्या जबड्याचं जास्तच. म्हणजे नवी कवळीही काही वर्षांत सैल होणारच. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानला होता. दोनच. कुणी सहा सुचवले तर कारण विचारा.

मग पैसे कुठून? पतसंस्थेतल्या दीड लाखाच्या ठेवीबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय. बँक ठेवींना असलेलं ५ लाखांचं विमा संरक्षण तिला नाही. मला विचाराल तर ती तशीही मोडायलाच हवी होती.

त्याआधी आईंची तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. जास्त असेल तर इम्प्लांट लांबवा, तोवर जुन्या कवळीला आतून अस्तर लावून मिळतं. खेडच्या योगिता डेंटल कॉलेजातही दर विचारून या. इम्प्लांटवर कवळी अडकवणाऱ्या रिंगा झिजतात, त्या बदलायला किती पडतील तेही आधीच लिहून घ्या. आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची; तोंडात ठेवून झोपलं की टाळूला बुरशी धरते, मधुमेहींना तर लवकरच.

आईंचा मेडिक्लेम नाही. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर पैसे तुमच्या खात्यातून चेकने किंवा यूपीआयने द्या. पालकांच्या उपचारखर्चाची ५० हजारांपर्यंतची वजावट रोखीने दिलेल्या पैशांवर मिळत नाही.