विमानात आलेल्या वासाचा माग

प्रश्न : दिल्लीहून मुंबईला येताना विमान खाली उतरू लागलं आणि घामट मोज्यांसारखा वास सुटला. थोड्या वेळाने गेला, पण डोकं रात्रीपर्यंत दुखत होतं. तक्रारीवर कंपनीचं उत्तर आलं, 'तपासणीत दोष आढळला नाही.' नेमकं काय तपासतात?
– एक वाचक, वाशी

उत्तर : बोइंग 787 सोडलं तर बहुतेक प्रवासी जेट विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधूनच, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातूनच, घेतलेली असते. तिथल्या बेअरिंगच्या सीलमधून तेल झिरपलं की त्याची वाफ हवेच्या नळ्यांत शिरते. ही सील हवेच्या दाबावर तेल अडवतात. इंजिनाचा जोर वाढवताना किंवा कमी करताना तो दाब ढळू शकतो. म्हणून तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती वासाची नाही, 'खाली उतरू लागलं' ही आहे.

वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत, नोंद केली की अभियंते जमिनीवर आधी शेपटातलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, चालवतात आणि त्याची हवा एकेका एसी पॅकमधून (केबिनची हवा थंड करणाऱ्या यंत्रातून) सोडून वास घेतात. मग एपीयूची हवा बंद करून फक्त डाव्या इंजिनाची, नंतर फक्त उजव्याची. जिथे वास येईल तिथली नळी उघडून आत तेलाचा ओलावा आहे का ते पाहतात. तेलाचा खप वाढलाय का, तेल प्रमाणाबाहेर भरलं गेलं होतं का, एपीयूच्या हवेच्या तोंडाशी हायड्रॉलिक यंत्रणेतल्या द्रवाची गळती आहे का, हेही बघावं लागतं. दुरुस्तीनंतर पॅक गरम हवेवर चालवून नळ्यांतलं उरलेलं तेल जाळून काढतात; ते राहिलं तर पुढच्या फेरीत तोच वास पुन्हा येतो.

उभ्या विमानात उतरतानाची स्थिती जशीच्या तशी आणता येत नाही. त्यामुळे 'दोष आढळला नाही' याचा अर्थ तपासताना तो दिसला नाही एवढाच. काही घडलंच नाही, असा अर्थ कंपनीनेही काढू नये.

पुढच्या वेळी वास येत असतानाच क्रूला बोलवा, कॅप्टनना कळवायला सांगा. वेळ, आसनाची रांग आणि विमान चढत होतं की उतरत होतं, ते लिहून ठेवा. डोकं दुखत असेल तर उतरल्यावर लगेच डॉक्टरांकडे जा. तेल तापल्यावर निघू शकणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात चढला असेल तर साध्या हवेत तो चार-पाच तासांत निम्म्यावर येतो, म्हणजे दुसऱ्या दिवशीची तपासणी फारशी उपयोगाची नाही. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला तो ओळखताच येत नाही. एन-95 मास्क आणि विमानातला हेपा फिल्टर कण अडवतात, वाफ नाही. कंपनीला लिहिताना टेक लॉगमध्ये नोंद झाली का, हे स्पष्ट विचारा. उत्तर मिळालं नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा.

प्रश्न : पावसाळ्यात विमान सुटण्यापूर्वी वरच्या फटींतून पांढरा धूर येतो. धोका आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : वास नसेल आणि लगेच विरत असेल तर ते धुकं. दमट हवेत पॅकची थंडगार हवा मिसळली की बाष्पाचे बारीक थेंब होऊन ते दिसू लागतं. वास असेल किंवा डोळे चुरचुरत असतील तर क्रूला सांगा.

प्रश्न : माझ्या मीटरवर बोर्डिंगच्या वेळी कार्बन डायऑक्साइड 2100 पीपीएम होता, वर गेल्यावर 1150. हवा खराब होती ना?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बोर्डिंगला माणसं भरलेली आणि ताजी हवा कमी, म्हणून आकडा चढतो. वरचा 1150 मात्र बहुधा खरा नाही. केबिनचा दाब 8000 फुटांवरच्या दाबाइतका उतरू शकतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश. दाबाची दुरुस्ती नसलेला इन्फ्रारेड मीटर तिथे पाव हिस्सा कमी दाखवतो. खरा आकडा 1500 च्या आसपास असणार. मीटरमध्ये उंची भरायची सोय असेल तर वापरा. अमेरिका-युरोपच्या विमानरचनेच्या नियमांत मर्यादा 5000 पीपीएम आहे. हा मीटर हवा किती खेळती आहे ते सांगतो; तेलाची वाफ त्याला कळत नाही, तेव्हा वाशीच्या वाचकांसारख्या प्रसंगात त्याचा आकडा पुरावा म्हणून जोडू नका.