फोटोशॉपमधे फोटो पिवळे दिसतात, लॅबमधून अल्बम निळसर आणि काळपट येतो, मॉनिटर बदलू का?

मॉनिटर बदलू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की फोटोशॉपमधे सगळ्या फोटोंवर पिवळट झाक दिसते म्हणून तुम्ही ती कमी करून एडिट करता आणि मग अल्बम निळसर येतो, वर काळपटही येतो, आणि पार्टीच्या म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर तेच फोटो भडक दिसतात. हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, एकाच औषधानं बरे होणार नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

तुम्ही स्क्रीनशॉट टाकलात हे फार बरं केलंत, डावीकडं फोटोशॉपची कोरी पांढरी फाइल आणि उजवीकडं नोटपॅड. मी तो माझ्याकडं उघडून त्यावर आयड्रॉपर (रंगाचे लाल, हिरवा, निळा असे आकडे वाचणारं टूल) लावला, नोटपॅडचा पांढरा 255, 255, 255 म्हणजे शुद्ध पांढरा आहे आणि फोटोशॉपच्या कोऱ्या फाइलचा पांढरा 255, 251, 228, म्हणजे निळा कमी पडून पिवळट. यातच उत्तर आहे. स्क्रीनशॉटमधे पॅनलचा म्हणजे मॉनिटरच्या पडद्याचा रंग येत नाही, कॉम्प्युटर मॉनिटरकडं जे आकडे पाठवतो तेवढेच येतात, म्हणजे पिवळेपणा मॉनिटरच्या काचेवर तयार होत नाहीये, तो फोटोशॉपमधूनच निघतोय. पॅनलच पिवळं असतं किंवा विंडोजचा नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळट करणारी सोय) चालू असता तर नोटपॅडपण पिवळं दिसलं असतं आणि स्क्रीनशॉट मात्र माझ्याकडं स्वच्छ पांढरा आला असता.

मग फोटोशॉप पांढऱ्यात पिवळं का घालतं? आपण रेसिपीत वाचतो ना दोन वाट्या रवा एक वाटी साखर, पण वाटी कुणाच्या घरची? फोटोतले आकडे तसेच असतात, लाल 200 म्हणजे नक्की किती लाल हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, ते आयसीसी प्रोफाइल सांगते. एक प्रोफाइल फोटोला चिकटलेली असते आणि एक मॉनिटरची असते, फोटोशॉप या वाटीचं माप त्या वाटीत बदलून देतं. मॉनिटरच्या प्रोफाइलमधे पांढऱ्याची नोंदच चुकलेली असली तर फोटोशॉप प्रामाणिकपणे त्या चुकीप्रमाणं रंग बदलतं, नोटपॅड आणि डेस्कटॉप प्रोफाइल बघतच नाहीत म्हणून ते पांढरेच राहतात. विंडोजमधे हे खूप जणांना होतं, मॉनिटर कंपनीची प्रोफाइल ड्रायव्हरबरोबर किंवा अपडेटमधून गुपचूप येऊन बसते आणि ती सदोष असली की आपण फोटोलाच दोष देत बसतो.

माझं स्वतःचं नुकसान झालंय म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय. मी सांगलीकडं लग्नाची कामं करतो, चार वर्षांपूर्वी एका लग्नाचे हळदीचे सहाशेच्या वर फोटो मी असेच पिवळ्या स्क्रीनवर दुरुस्त केले, हळदीचा फोटो पिवळा दिसला तर शंका तरी कुणाला येणार, मी आपला प्रत्येक फोटोत निळं वाढवत गेलो आणि अल्बम आला तेव्हा नवरीच्या अंगावरची हळद मळकट लिंबासारखी आणि चेहरा राखेसारखा. तिच्या आईनं काही न बोलता अल्बम मिटला. तो अल्बम मी माझ्या खर्चानं परत छापून दिला, पण त्या दिवशीचं घरच्यांचं तोंड अजून आठवतं.

आता उपाय. स्टार्टमधे कलर मॅनेजमेंट सर्च करून उघडा, डिव्हाइसेसमधे तुमचा मॉनिटर निवडा (दोन लावले असतील तर आयडेंटिफाय मॉनिटर्स दाबून खात्री करा, मी एकदा अर्धा तास चुकीच्या स्क्रीनची प्रोफाइल बदलत होतो), यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस ला टिक करा, अ‍ॅड करून एसआरजीबी आयईसी 61966-2.1 (सगळीकडं चालणारी प्रमाण प्रोफाइल) निवडा आणि सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल करा. फोटोशॉप पूर्ण बंद करून परत चालू करा. कोरी फाइल पांढरी दिसली की रोग हाच होता. मॉनिटर वाइड गॅमट म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त गडद रंग दाखवणारा असेल तर त्याच्या मेनूमधे जाऊन एसआरजीबी मोडपण लावा, नाहीतर प्रोफाइल एक सांगणार आणि पॅनल दुसरंच दाखवणार, लाल शालू विस्तवासारखा दिसेल.

हा तात्पुरता इलाज आहे. खरा इलाज म्हणजे कॅलिब्रेटर, स्क्रीनवर ठेवून मोजायचं छोटं यंत्र, त्यातून तुमच्याच पॅनलची मोजून केलेली प्रोफाइल तयार होते. आमच्या इथं आम्ही तिघांनी मिळून एकच घेतलाय, महिन्यातून एकदा फिरतो. त्याच्याबरोबरचं सॉफ्टवेअर आवडलं नाही तर डिस्प्लेकॅल फुकट आहे. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच मोजा, सॉफ्टवेअर विचारेल तेव्हा पांढरा डी 65 (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) आणि गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा चढ) 2.2 निवडा.

आणि एक हात जोडून विनंती, फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमधे वर्किंग स्पेस (एडिट करताना फाइलला लागणारी प्रोफाइल) म्हणून मॉनिटरची प्रोफाइल कधीच लावू नका. तसं केलं की सगळं सगळीकडं सारखं दिसायला लागतं म्हणून लोक खूष होतात, पण मॉनिटरची चूक मग फाइलमधे जाते. असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल यातही गल्लत नको, असाइननं आकडे तेच राहतात आणि दिसणं बदलतं, कन्व्हर्टनं आकडे बदलतात आणि दिसणं शक्य तेवढं तेच राहतं. लॅबला द्यायची फाइल बहुतेक वेळा एसआरजीबीला कन्व्हर्टच करायची असते, लॅबनं वेगळं सांगितलं तर तसं.

काळपट अल्बमचा प्रोफाइलशी फारसा संबंध नाही. नवीन मॉनिटर कंपनीतून येतो तेव्हा ब्राइटनेस 250 ते 350 कँडेला प्रति चौरस मीटर सहज असतो आणि एडिटिंगला साधारण 100 ते 120 पुरे, त्या झगझगाटात तुम्हाला फोटो उजळ वाटतो म्हणून तुम्ही एक्सपोजर वाढवत नाही, मग कागदावर तो अंधारातच जाणार. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनशेजारी चांगल्या उजेडात कोरा कागद धरा आणि कोऱ्या फाइलचा पांढरा कागदाइतकाच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल, मग डोळ्याला सवय होते. लॅबला एकदा विचारा की ते स्वतःहून करेक्शन करतात का, करत असतील तर बंद करायला सांगा, आणि पूर्ण अल्बम टाकायच्या आधी गोरा, सावळा, काळा असे वेगवेगळे चेहरे असलेले चार फोटो 4 बाय 6 मधे छापून घ्या. ते चार प्रिंट टेबलावर जपून ठेवा, पुढं प्रत्येक वेळी तुलनेला उपयोगी पडतात.

मोबाईलचं आपल्या हातात नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधे व्हिव्हिड म्हणजे भडक रंगांचा मोड कारखान्यातूनच चालू असतो, पार्टीला दाखवताना आपल्या फोनवर नॅचरल मोड लावून दाखवा, आयफोन असेल तर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट (दोन्ही स्क्रीनचा पांढरा आपोआप बदलतात) बंद करून. त्यांच्या फोनसाठी फोटो फिका करायच्या नादी लागू नका.

आता राहिले तुमचे आधीच एडिट केलेले चारशे फोटो. प्रोफाइल बदलल्यावर ते सगळे निळे दिसतील, घाबरू नका, ते आधीपासून निळेच होते, आत्ता ते तुम्हाला खरे दिसतायत. लाइटरूममधे किंवा कॅमेरा रॉमधे असतील तर एका उजेडातले फोटो एकत्र करा, त्यातल्या एकावर व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसेल अशी रंगाची दुरुस्ती) नीट करा आणि तीच सेटिंग बाकीच्यांना सिंक करा. फक्त मांडवातल्या पांढऱ्या टोपीवर किंवा सदऱ्यावर आयड्रॉपर मारू नका, वरच्या पिवळ्या कापडाचा उजेड त्यावर पडलेला असतो आणि तो काढायला गेलात की परत सगळं निळं होईल. त्यापेक्षा मांडवाबाहेर सावलीत उभ्या असलेल्या कुणाचा तरी सदरा बघा, आणि मांडवातले फोटो चेहऱ्याकडं बघून, कपाळावरचं कुंकू जांभळं पडत नाहीये ना एवढं सांभाळून हातानं करा.