हे नुसतं फॉर्म भरण्याचं काम नाही

प्रश्न : माझी मुलगी यंदा नागपुरातून संख्याशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. झाली. धंतोलीतल्या एका रुग्णालयात हृदयरुग्णांच्या रजिस्ट्रीसाठी तिला डेटा कोऑर्डिनेटर म्हणून एक वर्षाच्या करारावर बोलावलं आहे. मला हे कारकुनी काम वाटतं. त्यापेक्षा तिनं बँकेच्या परीक्षांची तयारी करावी, असं माझं म्हणणं. ती म्हणते, यातून संशोधन होतं. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून तिला या विषयाची ओढ लागली आहे. काय करावं?
– एक वडील, नंदनवन, नागपूर

उत्तर :
सप्रेम नमस्कार. लेकीला ही ओढ तुमच्या आजारपणातून लागली, हे वाचून मी थोडी थांबले. अशी ओढ लहरीतून येत नाही, म्हणून आधी ती काय म्हणते आहे ते समजून घेऊ.

रजिस्ट्री म्हणजे हृदयविकाराचा झटका घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची एकाच नमुन्यात केलेली नोंद. तो कधी आला, काय उपचार मिळाले, महिन्यानं कसा आहे, वर्षानं कसा आहे. केरळमध्ये 2007 ते 2009 या काळात 125 रुग्णालयांनी मिळून 25,748 रुग्णांची अशी नोंद केली. त्याआधी देशभरातल्या 89 केंद्रांनी 'क्रिएट' नावाची रजिस्ट्री केली होती. तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात वीस हजारांहून जास्त रुग्ण होते. छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक काळ निघाला 360 मिनिटं. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले.

त्याच नोंदींतली दुसरी गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी 8.2 टक्के दगावले, श्रीमंतांपैकी 5.5 टक्के. गरिबांचा आजारच जास्त बळावलेला असेल, असं कुणालाही वाटेल. पण मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूंमधली ही तफावत उरली नाही. ती आजाराच्या तीव्रतेपेक्षा उपचार मिळण्या-न मिळण्याशी बांधलेली होती. कुणीतरी एकेका खाटेपाशी बसून रकाने भरले, म्हणून हे कळलं.

आता त्या रकान्यांविषयी, कारण तुमची शंका तिथेच आहे. 'लक्षणं सुरू झाल्याची वेळ' हा एक रकाना. रुग्ण सांगतो, "काल जेवल्यावर गॅस झाल्यासारखं वाटलं, मग बरं वाटलं, पहाटे घाम फुटला." यातली कोणती वेळ लिहायची? एकानं रात्रीची लिहिली आणि दुसऱ्यानं पहाटेची, तर सगळा हिशेब ढासळतो. दुसरा रकाना 'धूम्रपान : हो किंवा नाही'. आपल्या विदर्भात विडी-सिगारेटला हात न लावणारा माणूस दिवसाला चार-पाच खर्रे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातो आणि फॉर्मवर 'नाही' होऊन निघून जातो. इथे खर्ऱ्यासाठी वेगळा रकाना हवा, हे त्या खुर्चीवर बसलेल्या, इथल्याच मुलीच्या पटकन लक्षात येईल. वयाचंही तसंच. म्हातारी माणसं अंदाजे साठ, पासष्ट, सत्तर सांगतात आणि आकडे त्या गोल संख्यांवर ढीग घालतात. आधार कार्ड मागायचं, की मोठ्या मुलाचं वय विचारून ताळा घ्यायचा, हे अनुभवानं कळतं.

सगळ्यांत नाजूक काम पाठपुराव्याचं. महिन्यानं फोन करायचा आणि तो लागत नाही. नंबर बदलला असेल, माणूस कामावर असेल, नाहीतर तो राहिलाच नसेल. न लागलेले फोन जिवंतांत मोजले, तर रुग्णालयाचे आकडे फार देखणे दिसतात. मुलीनं पहिल्या आठवड्यातच विचारावं, की फोन न लागलेल्यांचं आपण काय करतो.

संख्याशास्त्राचा तिचा अभ्यास इथे खरा कामाला येतो. नागपूरला गडचिरोली, गोंदियाहून आणि पलीकडे बालाघाट, छिंदवाड्याहूनही रुग्ण येतात. जे वाटेतच गेले, ते रुग्णालयाच्या रजिस्ट्रीत नसतात. दुरून आलेले रुग्ण कागदावर तब्येतीनं चांगले दिसले, तर ते प्रवास सोसून पोचलेले आहेत, हे ध्यानात ठेवावं लागतं. ही अडचण कमी करायची तर लोकसंख्येवर आधारलेली, म्हणजे एका रुग्णालयापुरती नव्हे तर त्या भागातल्या सगळ्या रुग्णांची नोंदणी लागते. नागपुरात कर्करोगाची तशी नोंदणी अनेक वर्षं चालू आहे, तिच्या कामाची पद्धत मुलीनं जरूर वाचावी.

नोंदींवरून उपचाराची परीक्षा करतानाही सावधपणा लागतो. डॉक्टर जास्त आजारी माणसाला वेगळा उपचार देतात, म्हणून नुसती तुलना फसवते. स्वीडननं यावर सुंदर तोड काढली. तिथल्या राष्ट्रीय हृदय रजिस्ट्रीच्या नित्याच्या नोंदींतच चिठ्ठी टाकल्यासारखी उपचारांची वाटणी बसवली आणि 7,244 रुग्णांवर तपासलं, की अँजिओप्लास्टीआधी रक्ताची गुठळी ओढून काढल्यानं जीव वाचतात का. तर्काला हे अगदी पटणारं होतं. 2013 मध्ये उत्तर आलं : तीस दिवसांतल्या मृत्यूंत लक्षणीय फरक नाही.

म्हणून माझं मत सांगते. तिनं हे वर्ष द्यावं, पण डोळे उघडे ठेवून. अशा जागा बहुतेक वेळा प्रकल्पाच्या निधीवर चालतात, निधी संपला की जागा संपते. पगार, मुदत आणि मुदतवाढीची अट करारपत्रात लिहून घ्या. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, रुग्णांची संमती कशी घेतात, नाव-पत्ता वेगळा ठेवतात का, हे मुलीनं विचारावं. रुग्णांचे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतील, तर तिथे जाऊ नये. आणि मुख्य म्हणजे, तिला स्वतःचा एखादा प्रश्न घेऊन त्या आकड्यांचं विश्लेषण करू देतील का, शोधनिबंधात तिच्या कामाची दखल घेतली जाईल का? याला स्पष्ट नकार आला, तर तुमचं म्हणणं खरं : ते काम कारकुनीचंच राहील.

पुढचा रस्ता आहे. बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या क्षेत्रातल्या संख्याशास्त्रात, एम.एस्सी. करता येतं. मुंबईची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. 'आर' हे आकड्यांच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तिनं आजपासून शिकायला घ्यावं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेनं आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांवर तयार केलेला ऑनलाइन अभ्यासक्रमही तिला उपयोगी पडेल. बँकेची परीक्षा वर्षभरानंतरही देता येते, तेव्हा ते दार आत्ताच लावून घेऊ नका.

होकार कळवण्याआधी एक करा. रुग्णालयाकडून रजिस्ट्रीचा कोरा फॉर्म मिळतो का, ते तिला विचारायला सांगा. मिळाला तर एका संध्याकाळी तुमची दोन वर्षांपूर्वीची फाइल कपाटातून काढा आणि दोघांनी मिळून तो भरा. ईसीजी, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं समोर घ्या. मग ती विचारेल, "बाबा, दुखायला नेमकं किती वाजता लागलं होतं?" त्याचं उत्तर द्यायला तुम्हाला किती वेळ लागतो, ते बघा.