पाव गोळीचा हिशोब

"गोळी चुकली की जीव कसातरीच करायलाय. घेतली की तासात सगळं गप. म्हणजे दुखणं आत आहेच की! मग काय जन्मभर हीच गिळत बसू काय?"

बेळगावच्या शहापूर भागातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या काकूंचा हा प्रश्न. झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या घेणारे बहुतेक जण हेच विचारतात. म्हणून ही हकिकतही एकट्या बाईची नाही, सारखीच तक्रार घेऊन येणाऱ्यांची मिळून बांधलेली आहे.

काकूंच्या पिशवीत दोन चिठ्ठ्या होत्या. रात्रीची ०.५ मिलीग्रॅमची गोळी बेळगावच्या डॉक्टरांनी दिलेली, दुपारची ०.२५ ची मिरजेच्या. पाकिटांवरची नावं वेगळी, आतलं औषध एकच: अल्प्राझोलाम. सीमाभागात हे वरचेवर दिसतं. एक डॉक्टर इकडचा, एक तिकडचा, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडून खालचं बारीक अक्षर वाचायचं आणि दिवसाची बेरीज करायची. काकूंची बेरीज ०.७५. गोळी सुरू झाली ती नवऱ्याच्या आजारपणात, काही आठवड्यांपुरती. झाली चार वर्षं.

मग एकदा मेडिकलवाल्याने नव्या चिठ्ठीशिवाय गोळी द्यायला नकार दिला. त्याचं चुकलं नाही. २०१४ पासून अल्प्राझोलाम एच-१ या, चिठ्ठीशिवाय विकायच्या नसलेल्या औषधांच्या यादीत आहे, विक्रीची नोंद तीन वर्षं जपावी लागते. काकू म्हणाल्या, बरं झालं, सुटली ब्याद. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी हाताला कंप, तळपायाला मुंग्या, घामाने झंपर ओला, आणि शेजारच्या कुकरची शिट्टी "डोक्यात घुसायल्यागत". चौथ्या दिवशी शेजारणीकडून एक गोळी आणून घेतली, तासात सगळं थांबलं. तिथेच त्यांचा निष्कर्ष पक्का झाला की दुखणं आत आहेच.

निष्कर्ष चुकीचा होता, आणि का ते त्यांच्याच गल्लीतल्या मागावरून सांगता आलं. पॉवरलूमच्या खडखडाटात माणसं ओरडून बोलतात. वीज गेली, माग थांबला, तरी थोडा वेळ आवाज चढलेलाच असतो. मेंदूचंही तसंच. शांत करणारी गोळी वर्षानुवर्षं मिळत राहिली की मेंदू आपला स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि जागं ठेवणारा आवाज चढवतो. गोळी एकदम काढली की तो चढलेला आवाज तेवढा उरतो. खाली यायला त्याला आठवडे, काहींना महिने लागतात.

मूळचं दुखणं आणि गोळी तुटल्याचा त्रास वेगळा ओळखता येतो. अल्प्राझोलाम तुटली की त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, याच जातीची क्लोनाझेपाम असेल तर तीन ते सात दिवसांनी. दुसरी खूण म्हणजे पूर्वी कधीच नसलेली लक्षणं. काकूंची जुनी चिंता नवऱ्याची होती, कुकरच्या शिट्टीची नव्हती. रोज दुपारच्या गोळीआधी येणारी त्यांची धडधडही यातलीच. अल्प्राझोलाम शरीरात साधारण अकरा तासांत निम्मी होते, त्यामुळे दोन गोळ्यांच्या मधेच रोज थोडी तूट पडायची.

एकदम बंद करण्यातला खरा धोका झोप जाण्याचा नाही, झटक्याचा आहे. फिट आली, भलतंच दिसू-ऐकू लागलं, माणूस बरळू लागला, तर वाट न बघता १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. जीव नकोसा वाटू लागला तर १४४१६ वर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा दिवसरात्र फोन उचलते, मराठीतही बोलता येतं.

मनोविकारतज्ज्ञांनी काकूंना याच जातीच्या डायझेपामवर नेलं, कारण ती शरीरात कितीतरी सावकाश ओसरते. आधी रात्रीची गोळी बदलली, आठवड्याने दुपारची. अदलाबदलीचे तक्ते एकसारखे नसतात. काकूंच्या ०.७५ च्या जागी डॉक्टरांनी डायझेपामचे १५ मिलीग्रॅम धरले, दुसऱ्याला वेगळे धरतील. यकृताचा आजार असलेल्यांना, किंवा पडण्याची भीती असलेल्या म्हाताऱ्यांना हा बदल सोसतोच असं नाही. हे गणित घरी करू नये.

मग उतरणं. १५ वरून ५ पर्यंत दर दोन आठवड्यांनी १ मिलीग्रॅम कमी. पंधरातला एक म्हणजे सात टक्के, अंगाला फारसं जाणवत नाही. पण पाचातला एक म्हणजे वीस टक्के! इथेच पुष्कळ जण घसरतात: "एवढीशी तर उरली, टाकू काढून." म्हणून ५ च्या खाली दर वेळी अर्धाच मिलीग्रॅम, म्हणजे २ च्या गोळीचा पाव तुकडा. विळीवर गोळी फुटते, चुरा उडतो, हिशोब चुकतो. मेडिकलमध्ये गोळी कापायची डबी मिळते ती घ्यावी. जिभेवर विरघळणाऱ्या गोळीचे नीट तुकडे होत नाहीत, आणि सावकाश सुटणारी, पाकिटावर 'एसआर' लिहिलेली, कापायचीच नाही. दोन औषधं एकत्र असलेली गोळी कमी केली तर दुसरंही नकळत कमी होतं. तेही डॉक्टरांना आधी सांगावं.

काकूंच्या भावाने "एक दिवसाआड घे" म्हणून सुचवलं. हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि वाईट आहे. रोज थोडी कमी चालते, पण एक दिवस भरपूर आणि एक दिवस शून्य म्हणजे मेंदूला दर दोन दिवसांनी नवा धक्का. सर्दीची गुंगीवाली गोळी किंवा घोटभर दारू घेऊन रात्र काढणंही नको. गोळीवर दारू तर श्वास मंदावू शकते.

त्रास वाढला तर डॉक्टरांना विचारून पायरी थांबवायची, मनाने जादा गोळी घ्यायची नाही. काकू दोनदा थांबल्या. एकदा गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. लग्न-सणाच्या आठवड्यात पायरी उतरूच नये, हे खरं तर आधीच ठरवायला हवं होतं.

रात्रीसाठी फार काही नव्हतं. दुपारी दोननंतर चहा बंद (यावर बरीच कुरकुर झाली). दुपारची झोप बंद. झोप कशीही लागो, पहाटे साडेपाचला उठायचं. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळ झाली की उठून मंद उजेडात लसूण सोलायचा, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. घड्याळाकडे बघायचं नाही. घाबरं झालं की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. लाट बहुधा वीस-तीस मिनिटांत उतरते, आणि प्रत्येक लाटेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहापैकी आकडा टाकायचा. तीन महिन्यांनी काकूंनी पानं उलटून पाहिली तेव्हा आठ-नऊचे आकडे पाच-सहावर आलेले होते. समजावणीचा जेवढा उपयोग झाला नव्हता तेवढा त्या आकड्यांचा झाला.

सगळं मिळून अकरा महिने लागले. शेवटच्या पाव तुकड्यावर काकू पाच आठवडे अडून बसल्या. "एवढ्याशा तुकड्यात काय आहे?" असं कोणी म्हटलं की त्या चिडायच्या, आणि त्यांचं बरोबर होतं. शून्यावर आल्यावर दहाव्या दिवशी सलग तीन रात्री जागून गेल्या, कॅलेंडरवर सात, सात, सहा. चौथ्या रात्री पाच तास झोप. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी कपाटात न ठेवता पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.