एसएमएचं औषध मिळूनही बाळाला गिळता येत नाही. पोटात नळी बसवावी का?

ताई, मुलगी मान सावरायला लागली, पण दूध पिताना ठसका लागतो, एकेका वेळेला तास जातो आणि डॉक्टर पोटात नळी बसवा म्हणतात. मग औषध वाया गेलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, वाया गेलेलं नाही. एसएमए म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणारा जनुकीय आजार. माझ्या मुलाला त्याचा टाइप १, म्हणजे अगदी लहानपणी दिसणारा गंभीर प्रकार आहे, जीन थेरपी सातव्या महिन्यात मिळाली. नळीचा निर्णय मी चार महिने लांबवला आणि तेवढ्यात त्याला दोनदा न्यूमोनिया झाला.

जीन थेरपी असो, पाठीतून देतात ते नुसिनर्सेन असो की रोज द्यायचं रिसडिप्लाम, औषध जिवंत चेतापेशी वाचवतं. आधीच गेलेल्या पेशी परत येत नाहीत. जीभ, घसा हलवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात असतात आणि टाइप १ मध्ये त्यांनाही झळ लागलेली असते. म्हणून पुष्कळ मुलं बसायला लागतात, पण गिळणं मागे राहतं. आमचं सगळं लक्ष मान आणि पाठीकडे होतं, घशाचा विचारच केला नाही.

मी ठसके मोजायचे. एखाद्या दिवशी ठसका लागला नाही की जीव भांड्यात पडायचा. मग व्हिडिओफ्लुरोस्कोपी झाली, म्हणजे बेरियम मिसळलेलं दूध पाजत एक्स-रेवर गिळणं बघतात. पहिले घोट नीट गेले. पुढे तो दमला आणि दूध श्वासनलिकेत उतरताना पडद्यावर दिसलं. तो खोकलासुद्धा नाही! ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, हे तेव्हा डोक्यातून गेलं. पाजायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, दूध पिताना घशात घरघर होत असेल, वजन अडलं असेल, तर ही तपासणी मागून घ्या.

काही आठवड्यांचा प्रश्न असेल तर नाकातली नळी चालते, लांबचा असेल तर पोटातली बरी. भूल देण्याआधी श्वसनाच्या डॉक्टरांना नक्की सामील करून घ्या. आणि फार वेळ उपाशी ठेवू देऊ नका. या मुलांच्या अंगात स्नायूंचा साठा कमी, साखर पटकन उतरते. उपास लांबणार असेल तर ग्लुकोजचं सलाईन कधी लावणार, ते आधीच विचारा.

नळी बसली म्हणून तोंड बंद होत नाही. आमच्या थेरपिस्टने तपासून परवानगी दिल्यावर वरणाचं पाणी, आमरस बोटाने जिभेला लावायचो. गिळण्याचा सराव तेवढाच. मात्र घरातली मोठी माणसं सांगतील म्हणून दूध आपल्या मनाने घट्ट करू नका, पेज भरवू नका. काय झेपतं ते तपासणीतच कळतं.

तपासणीला जाताना रोजची बाटली आणि तेच बूच (निपल) न्या. दुसऱ्या बुचाने दुधाची धार बदलते.