१९९५ ची मिआटा: पहिला गियर पडत नाही, इंजिनामागून ऑइल गळतं, पावसात गालिचा भिजतो. घरी किती करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत १९९५ ची माझदा मिआटा घेतलीत, १.८ लिटरचं इंजिन, पाच गियर, ८२ हजार मैल झालेली. सकाळी पहिला आणि रिव्हर्स पडायला त्रास देतात, इंजिनाच्या मागच्या अंगाने ऑइल ठिबकतं, पाऊस झाला की सीटमागचा गालिचा ओला होतो. गॅरेजवाल्याने क्लच प्लेट आणि क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय असं सांगून गिअरबॉक्स उतरवायचा खर्च काढून दिलाय. तुम्ही आजवर फक्त इंजिन ऑइल बदललंय.

गिअरबॉक्स इतक्यात उतरवू देऊ नका. या तिन्ही तक्रारी मिआटाच्या ठरलेल्या आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी दोन रबरी सीलं आणि मूठभर पाचोळा निघतो. ८२ हजार मैल या इंजिनाला काहीच नाहीत. पण गाडीतल्या रबराचं वय मैलांवर मोजत नाहीत, आणि त्याला तिशी उलटून गेली आहे.

आधी गाडी उचलण्याचं बघू, कारण तुम्ही अजून तिच्याखाली नीट शिरलेला नसाल. सोबत मिळणारा कात्रीसारखा जॅक फक्त चाक बदलायला. खाली काम करायचं तर चाकांवरचा फ्लोअर जॅक आणि चार घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, लागतात. पुढून उचलताना जॅक इंजिनाखालच्या आडव्या क्रॉसमेंबरच्या मधोमध लावा आणि घोड्या दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेला, पुढच्या चाकाच्या लगेच मागे खाचा केलेल्या जागी. मागून उचलाल तेव्हा हँडब्रेकचा काही उपयोग नाही, तो मागच्याच चाकांवर चालतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. घोड्यांवर ठेवल्यावर आत शिरण्याआधी गाडी कमरेने जोरात ढकलून पाहायची. हललीच, तर बाहेर उभे असताना हललेली बरी.

आता क्लच. प्लेट झिजली की ती घसरते: चौथ्या गियरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र वेग घेत नाही. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. क्लच पकडतो, पण पूर्ण सुटत नाही, म्हणून रिव्हर्स टाकताना करकरतं. एक साधी परीक्षा करा. सकाळी इंजिन सुरू करून क्लचचं पेडल भरभर चार-पाच वेळा दाबा आणि लगेच पहिला टाका. सहज पडला तर प्लेटचा दोष नाही, क्लचच्या ऑइलचा दाब टिकत नाहीये. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूला, ब्रेकच्या मोठ्या गोल बूस्टरशेजारी क्लचची वेगळी छोटी टाकी दिसेल. पातळी खाली आणि ऑइल काळं दिसलं की जवळजवळ खात्रीच. शेवटचा पुरावा गाडीखाली, गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला. तिथे स्लेव्ह सिलिंडर आहे, पेडलवरून आलेल्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा. त्याच्या तोंडावरची रबरी टोपी बोटाने जरा मागे सारा. आतून ओलं निघालं तर दट्ट्याचं सील गेलं.

स्लेव्ह बदलणं हे या गाडीवरचं सगळ्यात सोपं हायड्रॉलिक काम आहे: १२ च्या पान्याचे दोन बोल्ट आणि १० चा एक पाइप-नट. घोळ होतो तो या नटाशीच. साध्या उघड्या पान्याने तो सोडवायला जाल तर कोपरे गोल होतात, मग पक्कड येते, मग पाइप पिळवटतो आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. म्हणून फ्लेअर-नट पाना घ्या, म्हणजे एका बाजूने फटीचा रिंग पाना, आणि आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मिठाच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीला ते लागतंच. जमलं तर स्लेव्हपर्यंत जाणारा रबरी होजही त्याच दिवशी बदला, तोही गाडीच्याच वयाचा असतो.

स्लेव्हसोबत मास्टर सिलिंडरही (पेडलशी जोडलेला, ऑइलला दाब देणारा) बदलावा असं माझं ठाम मत आहे. दोघांची सीलं एकाच वयाची असतात, आणि एक बदलला की दुसरा थोड्याच दिवसांत गळायला लागणं या गाडीत नेहमीचं. पेडलच्या वर, मास्टरचा दांडा जिथून आत येतो तिथे बोट फिरवा. चिकट ओल लागली तर विचार करायचं कारणच नाही. नवा मास्टर बसवल्यावर पेडलला किंचित मोकळा खेळ राहिला पाहिजे. दांडा दट्ट्याला सतत टेकून राहिला तर परतीचं भोक बंद राहतं, दाब अडकतो आणि चांगली प्लेट घसरायला लागते.

हवा काढायला एक माणूस पेडलवर आणि एक खाली. स्लेव्हवरच्या ८ च्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल पाव फेरा सोडून पुन्हा आवळायचा, मग वरच्याने पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नका. डॉट-३ ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची बाटली पुरून उरते. डॉट-४ चालेल, सिलिकॉनचं डॉट-५ अजिबात नको. दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या: स्लेव्ह मोकळा लोंबत असताना कुणी पेडल दाबलं तर दट्ट्या सुटून बाहेर उडतो, आणि हे ऑइल रंग खातं. थेंब सांडला की लगेच भरपूर पाण्याने धुवा.

ऑइलच्या गळतीबद्दल गॅरेजवाल्याची चूक समजण्यासारखी आहे, कारण ती जागाच फसवी आहे. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, केबिनच्या भिंतीला जवळजवळ चिकटून, कॅम अँगल सेन्सर आहे. कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो आणि इंजिनाला ठिणगीची वेळ सांगतो. त्याच्या मानेवर एक ओ-रिंग असते. ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बांगडीसारखी कडक होते. मग ऑइल हेडच्या मागून उतरून बेल हाउसिंगवरून, म्हणजे गिअरबॉक्सच्या क्लचभोवतीच्या घरावरून, ओघळतं आणि तळाशी जमतं, खालून बघणाऱ्याला हुबेहूब क्रँकचं सील गळल्यासारखं. गाडी थंड असताना आरसा आणि टॉर्च घेऊन वरून बघा. सेन्सरच्या खालची बाजू आणि बेल हाउसिंगचा माथा ओला असेल तर गळती वरून आहे. माथा कोरडा आणि फक्त तळ ओला असेल तर गॅरेजवाला बरोबर. खात्री हवी तर सगळं डिग्रीजरने धुवा, इंजिन ऑइलमध्ये गळती शोधायचा चमकणारा रंग टाका आणि शंभरेक मैलांनी जांभळ्या दिव्याखाली पाहा.

ओ-रिंग बदलायला सेन्सर काढावा लागतो, आणि तो जेवढा फिरेल तेवढी ठिणगीची वेळ बदलते. म्हणून हात लावण्याआधी सेन्सर आणि हेड या दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ अणकुचीदार सुईने ओढा. पेनची रेघ ऑइलने पुसली जाते. कनेक्टर काढा, १२ चा एकच बोल्ट सोडा. तो सेन्सरच्या आड असतो, दिसत नाही, चाचपडतच काढावा लागतो. हातातून निसटला तर गिअरबॉक्सवर कुठेतरी जाऊन बसतो, तेव्हा आधी खाली एक फडकं कोंबून ठेवा. सेन्सर थोडा थोडा डावी-उजवीकडे फिरवत मागे ओढा. नवी ओ-रिंग व्हायटॉनची घ्या, साध्या नायट्राइल रबराची तिथे फार टिकत नाही. बोटाने इंजिन ऑइल चोळून बसवा. सेन्सरची जीभ मध्यापासून जरा बाजूला असल्यामुळे तो एकाच बाजूने बसतो, उलटा बसवायची भीती नाही. रेघ जुळवून बोल्ट आवळा.

त्यानंतर टायमिंग लाइटने, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने, पडताळणी कराच. इंजिन पूर्ण गरम, दिवे आणि पंखा बंद. बॉनेटखालच्या 'डायग्नोसिस' लिहिलेल्या डबीत 'टीईएन' आणि 'जीएनडी' ही टोकं तारेने जोडा. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास असताना क्रँकच्या पुलीवरची खूण टीडीसीच्या (दट्ट्या सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) १० अंश आधी दिसली पाहिजे. नसेल तर बोल्ट किंचित ढिला करून सेन्सर केसभर फिरवा. तार काढायला विसरू नका.

याच बैठकीत कॅम कव्हरचं पॅकिंग बदलून घ्या, मागच्या कोपऱ्यातून तेही गळतं. पुढच्या-मागच्या कॅम कॅपच्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. कव्हरचे १० चे बोल्ट फक्त ५ ते ९ न्यूटन-मीटरला आवळायचे. गळतंय म्हणून जोर लावला की बोल्ट तुटतो किंवा अॅल्युमिनियमचे आटे निघतात.

गालिचा भिजण्याला बहुधा टप फाटलेलं नसतं. कापडी टपावरचं पाणी मागच्या पन्हळीतून दोन्ही बाजूंच्या सीटबेल्टच्या खांबांपाशी येतं आणि तिथल्या निचऱ्याच्या नळीतून मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली पडतं. नळीत पानं-माती साचली की पाणी आत उलटतं. प्रत्येक बाजूला लिटरभर पाणी सावकाश ओता आणि खाली किती येतं ते बघा. तुंबलेली नळी मोकळी करायला गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी उत्तम. कपड्याच्या हँगरची तार घालू नका, ती नळी फोडते. मग पाणी थेट दाराखालच्या पोकळीत जातं, आणि या गाड्या सडतात त्या नेमक्या तिथूनच. मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा खालून अंगठ्याने दाबून बघा. रंग फुगलेला किंवा पत्रा दबत असेल तर बाकी सगळी कामं थांबवून आधी वेल्डिंगवाला गाठा. गालिचा पूर्ण उचलून खालचा फोम वाळवा. वरून कोरडा लागला तरी तो आठवडाभर पाणी धरून ठेवतो. मागची खिडकी अजून मूळची प्लास्टिकची असेल तर टप पाडण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट निजवायची, थंडीत तर टप पाडायचंच नाही. तडकते.

न विचारलेलं एक सांगतो, कारण ब्रेकपॅड तुम्ही लवकरच बदलायला घ्याल. पुढच्या कॅलिपरचा दट्ट्या शिकंज्याने दाबून मागे जातो, मागचा जात नाही. त्यात हँडब्रेकची यंत्रणा आहे, जोराने दाबलात तर ती मोडते. मागच्या कॅलिपरवर १४ चा एक बोल्ट आहे, तो खरं तर झाकण आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या अॅलन कीचा स्क्रू मिळतो. घड्याळाच्या उलट फिरवला की दट्ट्या मागे जातो. नवे पॅड बसवून सुलट फिरवा, डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत, आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. मिआटाचा हँडब्रेक धरत नाही अशी तक्रार असते तिथे बहुतेकदा केबल ठीक असते, हा स्क्रूच कुणी लावलेला नसतो.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याचं, काम ६० हजार मैलांना असतं. आधीच्या मालकाकडे पावती नसेल तर बदललाच नाही असं समजा. मात्र घाबरून याच आठवड्यात करायची गरज नाही. तुमच्या वर्षाच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह दट्ट्यांवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, इतकंच. करायला घ्याल तेव्हा पाण्याचा पंप, टेन्शनर, आयडलर, टेन्शनरची स्प्रिंग, दोन्ही कॅमची आणि क्रँकचं पुढचं सील एकदमच आणा, कारण हे सगळं त्याच झाकणाआड आहे. जुना बेल्ट काढण्याआधी बेल्टवर आणि तिन्ही पुल्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून दात मोजा, नव्या बेल्टवर तेवढेच दात मोजून तशाच खुणा उतरवा. क्रँकच्या सीलसाठी मधला मोठा बोल्ट सोडवावा लागतो. तो परत १५७ ते १६६ न्यूटन-मीटरला आवळायचा आहे, आणि त्यासाठी टॉर्क पाना हवाच. तो नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणा, पण अंदाजाने आवळू नका.