डब्यांच्या घाईत धडा कुठे शोधू?

प्रश्न : ताई, सलाम. मी श्रीरामपूरला घरगुती डबे देते. पहाटे चारला कणीक मळायला घेते, ते दुपारी दोनपर्यंत पाठ टेकायला मिळत नाही. आमच्या भगिनी मंडळात दर शुक्रवारी प्रत्येकीनं साक्ष द्यायची असते : या आठवड्यात रोजच्या जगण्यातून प्रभूनं काय शिकवलं? कुणी कुंडीतल्या रोपावरून बोलते, कुणी मोबाइलच्या चार्जरवरून. मला काहीच सुचत नाही. गेल्या महिन्यात माझा मुलगा मोटारसायकलवरून पडला, मांडीत रॉड घालावा लागला. तेव्हा एक भगिनी सगळ्यांसमोर म्हणाली, “बघ, प्रभू तुला थांबायला शिकवतोय.” तेव्हापासून मंडळात पाऊल टाकवत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. तुमचा विश्वास कमी नाही. आणि आधी मुलाचं बघा. रॉड बसला म्हणजे काम झालं असं नसतं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तो रोज करतोय ना, याकडे लक्ष ठेवा, नाहीतर गुडघा आखडतो. आयुष्य वॉर्डात गेलेल्या नर्सचं हे सांगणं आहे.

आता त्या वाक्याविषयी, कारण ते तुम्हाला लागलंय आणि लागायलाच हवं होतं. बायबलमधला लूकचा 13वा अध्याय काढा. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. अशा वेळी लोक काय बोलतात ते आपल्याला ठाऊक आहे : त्यांचं काहीतरी चुकलं असणार. येशू स्वतःच तो विषय काढतो आणि विचारतो, ती माणसं बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? उत्तरही तोच देतो : नाही. मग तो समोरच्यांकडे वळून म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे धडा होता, पण तो ऐकणाऱ्यांसाठी होता. मेलेल्यांच्या नावावर त्यानं तो लिहिला नाही. तुमच्या मुलाच्या अपघातातून त्या भगिनीला काही शिकायचं असेल तर तिनं स्वतःपुरतं शिकावं. तुमच्यासाठी धडा काढून द्यायचा अधिकार तिला कुणी दिलेला नाही. एका आईला इतक्या लोकांत असं बोलणं मला फार कठोर वाटतं.

आता तुमची कणीक. मत्तयच्या 13व्या अध्यायात खमिराचा दृष्टांत आहे. जेमतेम एक वचन, तेहेतिसावं. एक बाई तीन मापं पिठात खमीर घालते आणि सगळं पीठ फुगून येतं. तीन मापं म्हणजे आपल्या हिशेबानं पंचवीस किलोंच्या आसपास. शंभर माणसं सहज जेवतील एवढ्या भाकरी. ते मळणं काय असतं हे मंडळात बाकी कुणाला कळो न कळो, तुम्हाला कळेल. खमीर म्हणजे तरी काय, आधीच्या मळणीतून राखून ठेवलेला आंबलेला गोळा. हे सगळं प्रभूनं नासरेथात घराघरांत पाहिलेलं असणार. लोकांसमोर शिकवायला उभा राहिला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. तोवर सुतारकाम, घर, गाव. शुक्रवारपर्यंत एक धडा हवाच, अशा घाईनं तो स्वयंपाकघरात डोकावला नव्हता. त्याच्या दृष्टांतातल्या बायकाही धडा द्यायला काम करत नाहीत. नाणं हरवलेली बाई दिवा लावून घर झाडते, कारण एका नाण्यात एका दिवसाची मजुरी गेलेली असते.

माझ्या कामातलं एक सांगते. मोठं गळू फोडून पू काढला की ती जागा शिवत नाहीत. आत औषधाची गॉज सैलसर भरतात आणि रोज बदलतात. पेशंट कळवळतो, नातेवाईक विचारतात, “सिस्टर, टाके घालून मोकळं का करत नाही?” पण वरची कातडी लवकर मिटते. ती आधी मिटली तर आत पुन्हा पू साचतो. जखम तळापासून भरून वर यायला हवी. मी वर्षानुवर्षं ही ड्रेसिंगं केली आणि तेव्हा माझं लक्ष फक्त जखमेवर होतं : वास कसा येतोय, तळाशी लालसर, ताजं मांस दिसतंय का. पुढे सासरी जमिनीवरून तेढ आली. नाताळात सगळे गळ्यात पडले, केक खाल्ला, कागदाचा विषय मात्र कुणी काढला नाही. त्याच सुमारास उपासनेत यिर्मयाचा 6वा अध्याय वाचला गेला. लोकांची जखम वरवर बरी करून, शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणणाऱ्यांबद्दल संदेष्टा तिथे बोलतो. ती गॉज मला भर उपासनेत आठवली. घरी येऊन मी दिरांना म्हटलं, सातबारा आणि वाटणीचे कागद काढा, सगळ्यांसमोर वाचू. दोन-तीन बैठका कडवट झाल्या. आज आमचं येणं-जाणं आहे. ड्रेसिंग करताना मी धडा शोधत बसले असते तर जखमेकडे दुर्लक्ष झालं असतं, आणि वचन कानावर पडल्यावर आठवायला काही उरलंही नसतं.

1896-97च्या दुष्काळात वाचवलेल्या मुलींना घेऊन पंडिता रमाबाईंनी केडगावला जे उभं केलं, तिथे शेत होतं, माग होते, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ भाषांतून मराठीत आणलेलं बायबल तिथल्या स्त्रियांच्याच हातांनी छापलं गेलं. शाई लागलेल्या त्या हातांना दर आठवड्याला कुणी साक्ष विचारली असेल असं मला वाटत नाही.

म्हणून मंडळ सोडू नका. त्या भगिनीला एकटीला गाठून सांगा, “तुमचं बोलणं मला लागलं.” शुक्रवारी तुमची पाळी आली की जे घडलं तेवढंच सांगा : डबे वेळेवर गेले, एका आजारी गिऱ्हाइकाची भाजी बिनतिखटाची केली, मुलासाठी प्रार्थना करा. साक्ष म्हणून एवढं भरपूर आहे. आणि पाळकबाईंशी बोलून ही सक्ती काढायला लावा. ज्यांना खरंच बोलायचंय अशा एक-दोघी बोलतील, बाकीच्यांनी त्या वेळात एकमेकींसाठी प्रार्थना करावी. त्यांनी का म्हणून विचारलं तर हा अंक दाखवा.